विहिरीचं पाणी आणि विसरलेलं मीठ

परवा कोणीतरी शेताच्या बांधावर, धुऱ्यावर तणनाशक फवारलं, तो उग्र वास नाकात शिरला आणि मला आमची विहीर आठवली. तणनाशकाचा रिकामा डबा मीच त्या विहिरीच्या काठावर विसळला होता, आणि यवतमाळच्या प्रयोगशाळेत नोकरीला असल्यामुळे तिच्या पाण्याची बाटली तपासणीसाठी घेऊन ऐटीत निघालोही मीच. यंत्रात नमुना सोडला, पडद्यावर रेघ सपाट आली, म्हणजे विष नाही; लगेच बायकोला फोन केला, "खुशाल प्या." मागून प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या, "अहो, द्रावणात आयन-पेअरचं मीठ टाकलं होतं ना?" मी ते टाकायलाच विसरलो होतो. त्या विषाचे कण विद्युतभारित असतात. मिठाशी जोडी जमली तरच ते यंत्राच्या नळीत थांबून वेगळे दिसतात, नाहीतर न थांबता वाहून जातात आणि विष असूनही रेघ सपाटच दिसते. मी पुन्हा फोन लावला, "पोरांनी पेलं का?" "नाई जी, आधी मीच पेली गिलासभर." "काहून?" "तुमचा रिपोर्ट म्हटल्यावर कोनीतरी आधी पेऊन पाहाले पाहिजे ना!" मीठ घालून यंत्र पुन्हा तयार होईपर्यंत दीड तास गेला. तेवढ्यात मी सात वेळा "कसं वाटते?" विचारलं, सातव्यांदा ती म्हणाली, "भाजी करपून राह्यली, ठेवा आता." दुसऱ्यांदाही रेघ सपाटच आली, आणि मी तिथेच स्टुलावर बसून रडलो. घरात आजही विसरलेल्या मिठावरून माझी थट्टा चालते; ती आधी प्यायली, हे मात्र कोणीच काढत नाही.