रामहरख मिस्त्रींनी नापास केलेल्या अकरा गाड्या

माझे थोरले दीर रामहरख मिस्त्री आणि मी एकाच अंगणात राहिलो, पण पहिली अठरा वर्षं ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. भांडण नव्हतं हो! आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिरासमोर पदर पुढे ओढायचा आणि त्यांनी खाकरल्याशिवाय अंगणात पाऊल टाकायचं नाही, हे असंच चालत आलेलं. अगदी बोलायचंच झालं तर ते कुत्र्याशी बोलायचे. "काळ्या, भात करपतोय. कुणाला वास येतोय का बघ जरा." मी चुलीपासून ओरडायची, "काळ्या, सांग त्यांना, चुलीत नाक नको, तुमचा रंधा चालवा!" काळ्या मेला दोघांकडे बघून शेपटी हलवायचा.

पण मिस्त्री म्हणावं तर त्यांनाच. आमच्या बेटावरच्या लौटोका बंदरात बोटीतून गाडी उतरायची ती म्हणजे नुसतं इंजिन, चाकं आणि लोखंडी सांगाडा. ड्रायव्हर खोक्यावर बसून, धूळ खात खात चाळीस मैल ती आमच्या गावी, तावुआला आणायचा. आमच्या आंब्याखाली उभी राहिली की दोन महिन्यांत तिची बस व्हायची. सगळी दाकुआच्या लाकडाची, बाजूंनी उघडी, पावसाला वरून सोडायला कॅनव्हासचे पडदे. ते पडदे मी शिवायची, आणि एकाही पडद्यातून कधी थेंब आत आलेला नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

मग सरकारने बस कशी बांधायची याचे नियम छापले. इंग्रजीत. दिरांना इंग्रजीत फक्त सही यायची. ते मुनुसामी मास्तरांच्या ओट्यावर जाऊन बसले, मास्तर वाचत गेले आणि दीर एका बांबूच्या काठीवर खाचा पाडत गेले. पायरी जमिनीपासून किती उंच, बाक किती रुंद, मधली वाट किती, मागचं संकटकाळचं दार किती. एक नियम, एक खाच. शिकलेले मालक ते पुस्तक घेऊन आमच्या अंगणात यायचे आणि दीर काठी लावून त्यांची चूक दाखवायचे. मला तर बाई तेव्हाच वाटायचं, हा माणूस सुतारकामात वाया चालला आहे.

सरकारलाही तसंच वाटलं असावं. एके दिवशी मास्तर सायकल अंगणात टाकून धावतच आले. हातात सरकारी पत्रक. नवा मॅजिस्ट्रेट, नवा गुरांचा डॉक्टर आणि त्यांच्या खाली छापलं होतं: रामहरख, बसगाड्यांचे सहाय्यक तपासनीस. आमच्या माणसाला ही जागा त्याआधी कधी मिळाली नव्हती. बापाने समुद्रापलीकडून येऊन उसाच्या मळ्यात मजुरीचा करार भरला आणि मुलाचं नाव साहेबांच्या रांगेत! दिरांनी ती ओळ बोटाने दोनदा पुसून पाहिली. पितळी बिल्ला आला, तो त्यांनी भिंतीवरच्या हनुमानाच्या तसबिरीखाली ठेवला.

बसमालकांनी बोकड कापला. नंगोनाच्या, म्हणजे इथल्या मुळ्या कुटून केलेल्या पेयाच्या, वाट्या फिरल्या. माझा नवरा देवसरन तर असा मिरवत होता जसा काही गव्हर्नरच झालाय. आमचीही एक बस होती, दिरांनीच बांधलेली. त्याच गाडीवर आमची चूल पेटत होती. "आता काय," तो म्हणाला, "घरचंच सरकार! गाडी नुसती दाखवायची आणि शिक्का घ्यायचा." दिरांनी हातातली वाटी न पिताच खाली ठेवली. मला तेव्हाच शंका आली, पण बायकांना विचारतो कोण?

साखरेची गिरणी सुरू व्हायला बारा दिवस असताना तपासणी लागली. खेळाच्या मैदानावर गाड्यांची रांग. हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या नेण्यासाठी परवान्याचा शिक्का हवाच, नाहीतर फेऱ्या दुसऱ्याकडे जाणार आणि वर्षभर आपण बोंबलत बसणार. राजधानीतून, सुव्याहून मोठे साहेब आले होते. मी पुरुषांसाठी रोट्या आणि आंब्याची चटणी घेऊन गेले होते.

आमची गाडी पहिली. दिरांनी काठी लावली. पायरी बरोबर, बाक बरोबर, वाट बरोबर, मागचं दार बरोबर. साहेब पुस्तकात खुणा करत गेले आणि शेवटी सहीसाठी पेन पुढे केलं. दिरांनी पेन घेतलं नाही. ते गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले आणि त्या दारातून आत बघू लागले. दाराच्या अगदी पुढ्यात, आतून, पाच माणसांचा लांब बाक होता. तावुआतल्या सगळ्या गाड्यांना तसाच असायचा, कारण पाच जागा कोण सोडतो? आणि दारापुढच्या बाकाबद्दल नियमात काही लिहिलेलंच नव्हतं.

"देवसरन," ते म्हणाले, "तुझ्या घरच्यांना सांग, पुढून चढायचं आणि या दारातून बाहेर यायचं."

"दादा, तिला कशाला? एखादं पोर चढवू की."

"पोर कुठूनही निसटतं. त्यांना सांग."

आता माझं वजन काय लपून आहे? गंमत म्हणून उसाच्या काट्यावर चढले होते तेव्हा दोनशे दहा पौंड भरले. चढले मी गाडीत, नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या तरी. बाकावर गुडघा टेकला, पाठीवरून पाय टाकला, आणि बाकाची पाठ नि दाराची चौकट यांच्यामध्ये अशी अडकले की ना पुढे, ना मागे. मैदान खो खो हसलं. आमचाच ड्रायव्हर इलीसोनी पोट धरून गवतावर बसला. कुणीतरी ओरडलं, "मिस्त्री, दार नाही, वहिनी कापा!" धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. पदर कुठल्या कुठे गेला होता आणि तो सावरायला हात मोकळा नव्हता.

आणि मग दीर पुढे आले. सगळ्या गावासमोर त्यांनी माझा हात धरला. अठरा वर्षांत माझ्या सावलीवरही पाय न पडू देणारा माणूस! "घाबरू नकोस, पोरी," ते थेट माझ्याशी बोलले. "तुझी काही चूक नाही. बाक मी चुकीचा बसवला." खांदा लावून त्यांनी मला बाहेर काढलं. मग लोकांकडे वळून म्हणाले, "हसताय काय? गाडी ओढ्यात उलटली की हीच तुमची आई असेल आतमध्ये. मी गाडी आत उभा राहून बांधली. बाहेरून कधी बघितलंच नाही. ही गाडी नापास. मी बांधलेल्या अकराच्या अकरा नापास."

हसू जागच्या जागी विरलं. मालक अंगावर धावून आले. "आमचा बोकड पचला का? खाल्ल्या मिठाला जागा की!" साहेब वैतागून म्हणाले की दारापुढचा बाक नियमात नाही, सही करा. दीर म्हणाले, "नियमात नाही, पण गाडीत आहे." माझा नवरा त्यांच्याजवळ गेला आणि हळूच म्हणाला, "दादा, आपलेच दात, आपलेच ओठ. निदान आपली तरी सोड." दिरांनी मान हलवली. त्या दिवसापासून देवसरन भावाशी बोलेनासा झाला.

बरं, आता गाड्या दुरुस्त करणार कोण? एवढ्या दिवसांत एवढं काम उरकणारा मिस्त्री जिल्ह्यात एकच, आणि सरकारी तपासनिसाला खाजगी काम करायला मनाई. दुसऱ्या दिवशी सकाळी दिरांनी तसबिरीखालचा बिल्ला उचलला, मास्तरांच्या हाती साहेबांकडे परत पाठवला आणि करवतीला धार लावायला बसले. मी चुलीपाशी रडले. इतकी वर्षं वाट बघून मिळालेली जागा, एक महिनासुद्धा नाही टिकली!

त्यांनी प्रत्येक बाक मधोमध कापला, दोन तुकडे दोन बाजूंना बसवले, आणि दारापर्यंत वाट मोकळी केली. एक गाडी, एक दिवस. एक पैसा घेतला नाही. "माझी चूक, माझे खिळे," एवढंच म्हणायचे. बोकडाचा हिशोब काढणारे मालक खाली मान घालून गाडी आणायचे आणि साहेबांच्या शिक्क्यासाठी घेऊन जायचे. आमची गाडी त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवली, कुणी नाव ठेवू नये म्हणून. ती उभी राहिली तेव्हा उद्यावर गिरणी आली होती आणि देवसरन अंगणात येरझाऱ्या घालत होता.

शेवटचा खिळा ठोकून दीर मागे उभे राहिले. स्वतः त्या दारातून एकदा बाहेर आले, पुन्हा आत गेले, पुन्हा बाहेर आले. काडीसारखा माणूस, तो कुठूनही येईल! ते दाराकडे बघत होते, मग जमिनीकडे, पण मला काही म्हणेनात. गावासमोर माझी जी शोभा झाली ती त्यांना अजून खुपत होती, हे न कळण्याइतकी मी खुळी नाही.

मी सुई टोचून पडदा बाजूला ठेवला. कुणी सांगितलं नाही, मी आपणहून पुढून चढले. मधल्या वाटेने सरळ चालत गेले, कशालाही हात न लावता त्या दारातून बाहेर आले आणि गवतावर धपकन उतरले. मग त्यांच्याकडे बघून थेट म्हणाले, "दादा, ही गाडी मी पास केली."

बिल्ला आला तेव्हा ते रडले नव्हते, गेला तेव्हाही नाही. आत्ता मात्र भुशाने भरलेल्या बाहीने डोळे पुसायला लागले आणि भुसा डोळ्यांत गेला म्हणून आणखीच रडले.  देवसरन पुढे झाला, भावाच्या हातातली हातोडी काढून घेतली आणि म्हणाला, "चल दादा, जेवायला. उद्या गाडी तूच चालव पहिल्या फेरीला."