सतरा ते बत्तीस

बाइंडरकाकांचा छापलेल्या अक्षरावर आंधळा विश्वास. चाळीस वर्षं लोकांची फाटकी पुस्तकं शिवली, पण एकही फर्मा इकडचा तिकडे झाला नाही, हे ते येता-जाता ऐकवत. फर्मा म्हणजे दुमडलेली सोळा पानं. बाइंडरची अब्रू त्यांच्या क्रमात. भुऱ्याने अंगावर उडी मारून काकूंना जिन्यात पाडलं, त्यांचा हात प्लास्टरमध्ये गेला, तेव्हा काका तडक वाचनालयातून कुत्र्याला शिस्त लावायचं पुस्तक घेऊन आले. बांधणी त्यांचीच होती. मग पानांचे आकडे कोण कशाला बघतो!

मुलाने मुदत दिली होती. "बाबा, रविवारपर्यंत हा सांगितल्यावर बसला तर ठीक. नाहीतर माझा मित्र येऊन घेऊन जाईल. आईला पुन्हा पडू द्यायचं नाहीये मला."

यात चुकीचं काहीच नव्हतं, म्हणून ते जास्तच लागलं. दुकान बंद झाल्यापासून काकांना दिवसभर सोबत होती ती त्या एका कुत्र्याची.

पहिला धडा पट्टा घालण्याचा. तो सोळाव्या पानावर संपला. समोरच्याच पानावर 'बस' हा हुकूम, तोही खणखणीत आवाजात. काकांनी दिला. भुऱ्याने जांभई दिली. काकांनी पट्टीने मोजल्यासारखा रोज वीस वेळा दिला. शुक्रवारपर्यंत काकांचा घसा बसला, भुऱ्या काही बसला नाही.

"अहो, किती ओरडता? नाव घेतलं की टेबलाखाली शिरतो आता," काकू म्हणाल्या.

"पुस्तकात लिहिलंय तेच करतोय ना मी!"

रविवारी सकाळी वैतागून त्यांनी ते पुस्तक टेबलावर आपटलं. शिलाई उसवली, शेवटचा फर्मा निखळून हातात आला. पान सतरा ते बत्तीस. काकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पार शेवटी सतरा! आणि तिकडे सोळानंतर सरळ तेहतीस. दोरा त्यांचा, गाठ त्यांची. सतराव्या पानावर लिहिलं होतं: 'सुरुवातीला एकही हुकूम देऊ नये. हळू आवाजात नाव घ्यावे, हातावर खाऊ द्यावा. नाव ऐकून तो आनंदाने येऊ लागला, की मगच पुढे जावे.'

काकांना स्वतःची भयंकर चीड आली. गुडघे धरत ते जमिनीवर बसले, तळहातावर बिस्किट ठेवलं. "भुऱ्या," ते हळूच म्हणाले. भुऱ्या टेबलाखाली आणखी मागे सरकला.

बेल वाजली. मुलगा मित्राला घेऊन आला होता.

"अजून एक आठवडा दे रे," काका म्हणाले. "चूक माझी आहे, त्याची नाही."

"बाबा, ठरलं होतं ना आपलं?"

मित्र वाकला, हात पुढे करून हलकेच म्हणाला, "भुऱ्या, ये." भुऱ्या शेपूट हलवत बाहेर आला. त्या आवाजाची भीती त्याला अजून कुणी घातली नव्हती.

काकांच्या हातातलं बिस्किट तसंच राहिलं. दारापर्यंत जाऊन त्यांनी ती सुटी सोळा पानं मित्राच्या हातात दिली.

"हे आधी वाचा," ते म्हणाले. "बाकीचं मी नंतर पाठवतो."