पद्मावती आक्कांनी घेतलेला नियम

“मग मी कोण रं? मी मेले व्हय?”

“तसं कोण म्हणतंय तिरशू? नुसतं लिहून द्यायचंय.”

“काय लिहून द्यायचं? आईला बघणारं इथं कुणी न्हाय म्हणून? आणि खाली सही माझीच?”

“बघायला जमत न्हाय, एवढंच लिही. लेकरं हाईत, शिलाईचं काम हाय, घर लांब हाय...”

“बोरगाव लांब? इंग्लंड लांब हाय अण्णा! बोरगावात गॅसवर दूध ठेवून निघाले तरी उतू जायच्या आत मी सदलग्यात असते.”

गोमटेशनं कपाळ चोळलं. सकाळी बेळगावहून डॉक्टर येऊन आईला तपासून गेले होते. आता बहिणीचा, त्रिशलाचा, एवढा कागद मिळाला की त्याचं काम झालं असतं. दोघांच्या मधे कॉटवर पद्मावती आक्का पडून होत्या. शेजारच्या घरातलं भांडण ऐकावं, तशा आढ्याकडे बघत ऐकत होत्या.

या आक्कांना सदलग्यात दिवसाउजेडी आडवं झालेलं कुणी बघितलं नव्हतं. पहाटे म्हशीची धार, मग बस्तीत, गावच्या जैन मंदिरात, दर्शन, मग दूधगंगेकाठचा मळा. नवऱ्याला दम्यानं घेरलं तेव्हापासून मळा त्यांनीच सांभाळला. ऊसतोडीचा मुकादम एकदा म्हणाला होता, “आक्का, तुमी बसा की जरा. आमाला लाज वाटतीया.” आक्का म्हणाल्या, “मग लाजा की! हात तरी भराभर चालतील.”

पण गावात नाव होतं ते त्यांच्या नियमांचं. चातुर्मासात सगळेच काही ना काही सोडतात. कुणी गोड सोडतं, कुणी पायताण. दिवस संपले की ज्याचं त्याला परत. आक्कांचं तसं नव्हतं. एका वर्षी त्यांनी मीठ सोडलं. चातुर्मास संपला, दिवाळी झाली, लेकीचं लग्न झालं, तरी त्यांच्या ताटात मीठ आलंच नाही. “जिभंला आता लागत न्हाय ते. मग कशाला?” खोटं तर त्या लहानपणापासून बोलल्या नव्हत्या. त्रिशला पोरगी असताना एसटीत अर्ध्या तिकिटावर सहज खपली असती, पण आक्का कंडक्टरला खरं वय सांगून पुरं तिकीट काढायच्या.

गोमटेश इंग्लंडला गेला, तिकडचाच झाला. त्याची लेक सौम्या आजीला ओळखायची ती मोबाइलमधली. वडील, आप्पा, वारले तेव्हा विमान मिळेपर्यंत चितेची राख गार झाली होती. त्यानंतर त्याच्या डोक्यात एकच बसलं होतं, आईला कायमचं घेऊन जायचं.

पाहुणी म्हणून सहा महिने चाललं असतं. “लेकाच्या घरात पाहुणी?” म्हणून आक्कांनीच ते उडवून लावलं. आणि कायमचं न्यायचं तर तिकडचा कायदा वेगळा. आईला आंघोळ, कपडे, स्वयंपाक असली रोजची कामं स्वतः करता येत नाहीत, आणि तिचं करायला मायदेशात कुणी नाही, कसली सोयही नाही, हे सिद्ध करायचं. धडधाकट आईला दार बंद.

उन्हाळ्यात व्हिडिओ कॉलवर गोमटेश समजावत होता, “डॉक्टर आले की झोपून राहा. म्हण, मला उठता येत न्हाय.”

“येतंय की मला.”

“अगं, म्हणायचं नुसतं!”

“मी खोटं बोलू व्हय रं?”

गोमटेशनं कॉल बंद केला.

दुसऱ्या दिवशी त्रिशला आली तर आई कॉटवर, हात पुढे करून. “हात दे.”

“का गं? काय झालं?”

“कुठं काय? नियम घेतलाय. कुणी हात दिल्याशिवाय उठायचं न्हाय. आपल्या हातानं आंघोळ न्हाय, सैपाक न्हाय. गोमूकडं पोचंपतुर. मग कुणी बी इचारू दे, आक्का, उठता येतंय का? न्हाय उठत म्हणीन. खरंच असणार न्हवं ते?”

त्रिशला आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, “बस्तीतल्या मुनिमहाराजांना विचारलंस?”

“एवढ्याशापायी त्यांना कशाला तरास?”

गोमटेश तर फोनवर ऐकून खूश झाला. “भारी केलंस आई! सवय बी हुईल.”

म्हैस समोरच्या कलगोंडाच्या गोठ्यात गेली. धारेच्या वेळेला ती तिकडून हंबरायची, आक्का इकडून “आले, आले” म्हणायच्या आणि पडून राहायच्या. पुढे तिनंही हंबरणं सोडलं.

त्रिशला सकाळ-संध्याकाळ यायची. सुरुवातीला आई नियमापुरती बोटं टेकवायची आणि आपलीआपणच उठायची. मग बोटांचा पंजा झाला. मग दंडाला ओढ बसू लागली. एक दिवस आईला उठवताना त्रिशलाला भिंतीचा आधार घ्यावा लागला. लुगडं नेसवताना पोटऱ्या हाताला लागेनात, नुसतं हाड लागायचं.

“आई, सोड की आता हे.”

“नियम मोडायचा नसतो. आणि सारखं उठवू नगंस मला, तुझी कंबर दुखती.”

भादव्यात पर्युषण आलं. दहाही दिवस बस्तीतली घंटा ऐकू येत होती. आक्का गेल्या नाहीत. त्रिशलाला वाटलं, नियमामुळे. आता दिवाळी तोंडावर आली होती आणि गोमटेश कागदपत्रांसाठी गावी आला होता.

आज सकाळी डॉक्टरांनी विचारलं, “उठता येतं का?” “न्हाय येत.” त्यांनी गुडघे दाबले, पाय वर उचलून सोडला. तो धपकन पडला. बाहेर येऊन ते मोरीवर बराच वेळ हात धूत राहिले. मग गोमटेशला हळूच म्हणाले, “आधीच दाखवायला हवं होतं.” गोमटेशनं मान डोलावली आणि रिपोर्ट कधी मिळेल ते विचारलं.

“डॉक्टरचं झालं न्हवं?” त्रिशला आता कॉटपाशी आली. “मग आई, आता नियम सोड. ऊठ.”

“असं कसं?” गोमटेश मधे पडला. “व्हिसा हातात येऊ दे. मधेच कुणी चौकशी केली तर?”

“तू गप रं! आई, ऊठ. माझ्यासाठी ऊठ.”

आक्कांनी लेकीकडे बघितलं. चोरी पकडलेल्या पोरासारखं हसल्या.

“नियम कुठं हाय गं आता? पर्युषणातच सोडला मी.”

“म्हंजे?”

“बस्तीला जायचं हुतं. पहिल्याच दिवशी सकाळी देवाला हात जोडले, म्हटलं सुटला नियम. खाली पाय टाकले, भित धरली...” त्यांनी गुडघ्यावर हात फिरवला. “ह्यांनी ऐकलंच न्हाय. दुसऱ्या दिवशी बी बघितलं. दहाव्या दिवशी बी बघितलं.”

“आणि मला सांगितलं न्हाईस?”

“तू इचारलंस कुठं? हात देत हुतीस, मी घेत हुते. आज डॉक्टरनं इचारलं, सांगितलं. खोटं न्हाय बोलले.”

गोमटेश भिंतीला टेकला. आईच्या पायांवरचं पांघरूण त्यानं उचललं, बघितलं, आणि घाईनं परत झाकलं. दारातलं ऊन उंबऱ्याशी आलं होतं. दिवस मावळायच्या आत आक्कांना जेवू घालायला हवं होतं, पण भाकरीचा डबा त्रिशलाच्या पिशवीत तसाच होता.

“आण कागद,” त्रिशला म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला होता. “आईला उठता येत न्हाय, हे मी लिहिते. आता ते खरं हाय. पण बघणारं कुणी न्हाय, हे तू लिही. माझ्यासमोर बसून लिही.”

गोमटेशनं कागदाला हात लावला नाही.

“गोमू,” आक्कांनी कॉटवरून हाक मारली. त्याला उठवायला सांगावं तसा हात पुढे केला. “एवढं करून बी तिकडनं न्हाय म्हणाले, तर कसं रं?”

त्यानं त्या हाताकडे बघितलं. मग चप्पल पायात अडकवली आणि उंबरा ओलांडला. समोरच्या गोठ्यातून कलगोंडानं विचारलं, “काय गोमटेश, डॉक्टर काय म्हणाले?” गोमटेश मान खाली घालून गल्लीच्या तोंडाकडे चालत गेला.