वही मागून उघडणारा

उजवा हात कानामागं, डावा हात गाडीच्या दांड्यावर, आणि एका दमात तीन भाषा. "सोलापूर! नळदुर्ग, सोलापूर जायाचंय का? चलो सोलापूर! बर्री, हत्तरी!" शेवटचं कानडी, म्हणजे या, चढा.

उमरग्याच्या मोटार स्टँडवरून तुम्ही कधी गेला असाल, तर हा आवाज तुमच्याही कानात राहिला असेल. अख्खा गाव त्याला पुकारमामा म्हणायचा.

मला तो आवाज आवडत नव्हता. स्पष्टच सांगतो. निजामाच्या अमलातून सुटलो, मराठी राज्यात आलो, त्यासाठी आम्ही पोरांनी भिंती रंगवल्या, लाठ्या खाल्ल्या, आणि आमच्याच स्टँडवर हा माणूस दिवसभर 'चलो' आणि 'मुसाफिर' करत उभा. मी पत्रक काढलं : 'मराठी मुलखात मराठीच! निजामी भाषेला स्टँडवर थारा नको!' त्यातलं एक मुद्दाम तो उभा राहायचा त्या खांबावरच चिकटवलं.

तो जवळ आला, पत्रकाकडं बघत राहिला आणि म्हणाला, "वाचून दाखवा की, पत्रकवाले. मला मराठी वाचता येत न्हाय."

मी वाचलं. ठासून वाचलं. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं.

"झकास लिवलंय. आता बाजूला व्हा, निलंग्याची गाडी सुटायलीय."

अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, तुम्हीच सांगा!

मी त्याला परका ठरवून मोकळा झालो होतो. तो परका नव्हता. मुरूमकडच्या लिंगायताच्या घरचा. घरात कानडी, बाजारात मराठी, आणि शाळेत गेला तेव्हा शाळाच उर्दू. जी लिपी सरकारनं शिकवली ती तो शिकला. पण हे कळायला मला त्याच्याशी बोलावं लागलं असतं, आणि मला तर पत्रकं वाटायची घाई होती.

मग स्टँड नवा झाला. पत्र्याची जुनी शेड पाडली, मामाचा खांब तेवढा राहिला. सिमेंटचं छत आलं, पाच फलाट आले, बाकडी आली, छताला कर्णा आला, आणि जागोजाग मराठी पाट्या आल्या. पाट्यांसाठी मीही अर्ज केले होते. 'प्रतीक्षालय' वाचून माझी छाती फुगली.

चारच दिवसांनी एक म्हातारी तुळजापूरच्या गाडीसाठी आली. नातीनं तिला पाटी अडखळत वाचून दाखवली : प्र-सा-ध-न-गृ-ह. म्हातारीनं 'प्रसाद' तेवढं ऐकलं. तिनं दारात वहाणा काढल्या, हात जोडले आणि अनवाणी आत निघाली.

"आजी, वहाणा घाला!" मामा फलाटावरून ओरडला. "तिथं देव न्हाय, मोरी हाय!"

स्टँड हसून लोटपोट. मला मात्र राग आला, आणि तो पाटी लिहिणाऱ्याचा नव्हे, मामाचा. मी तणतणत गेलो तर म्हणाला, "पत्रकवाले, तुमची मराठी लई सोवळी हाय. वहाणा घालून आत जाता येईना."

तोवर साहेबांचा हुकूम आला. आता पुकारा फलाटावर उभं राहून करायचा नाही. खोलीत बसून, कागदावरून वाचून, कर्ण्यातून करायचा. त्यासाठी मराठीची लेखी परीक्षा. नापास होईल तो घरी.

त्याच दिवशी दुपारी मामा माझ्या दारात. हातात कोरी वही.

"तुमच्या पत्रकानंच आग लागली. आता बंबबी तुमीच आना."

"मामा, ह्या वयात जमेल?"

"इम्तिहान हाय, लगीन न्हाय. शिकवा."

दुपारी गाड्या कमी असत. बाकड्यावर बसून आम्ही बाराखडी काढली. मी कडक मास्तर होतो. चुकला की बोलायचो. तो ऐकून घ्यायचा, आणि मध्येच गाडी आली की वही माझ्या मांडीवर टाकून पुकारायला पळायचा. अक्षर वळणदार काढायचा, ओळ डावीकडून उजवीकडं सरळ. फक्त वही मागून उघडायचा. शेवटचं पान त्याचं पहिलं. उर्दू वहीची सवय. मी दोन-तीनदा टोकलं आणि मग सोडून दिलं. म्हटलं, अक्षर आलं ना, बस झालं.

परीक्षा उस्मानाबादला झाली. परतला तो नाचतच. "निबंध लिवला. इषय आपलाच होता, स्टँडची स्वच्छता. चार पानं भरली!"

तो नापास झाला.

मी कचेरीत जाऊन टेबलावर हात आपटला. कारकुनानं त्याची उत्तरपत्रिका काढून समोर टाकली. पहिल्या पानावर तांबड्या पेन्सिलीचा शेरा : 'कोरी.' खाली भोपळा.

मी ती पालथी केली. मागून उघडली. चार पानं, एकही खाडाखोड नाही.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"पहिलं पान कोरं आहे," कारकून म्हणाला.

"पान उलटायला हात दुखत होते का तुमचे?"

आवाज ऐकून साहेब बाहेर आले. त्यांनी पानं पाहिली. पाहिली, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. मग म्हणाले, "निकाल लागलेला आहे. आणि ह्या इसमाला काढा म्हणून पत्रक तुम्हीच काढलं होतं ना? फायलीला लावलंय आम्ही."

ज्यांना चार पानं उलटता आली नाहीत, त्यांनी माझं एक पान मात्र जपून ठेवलं होतं.

मामाला मी सगळं सांगितलं. त्यानं एवढंच विचारलं, "म्हंजी उलटून वाचलं असतं तर पास झालो असतो?"

"पहिल्या नंबरानं."

"व्हय का," म्हणाला, आणि खांबावरच्या माझ्या पत्रकाची लोंबणारी कड नखानं खरवडत उभा राहिला. आता त्याला ते वाचता येत होतं.

तो लेकीकडं निघाला, गुलबर्ग्याला. मी पोचवायला गेलो. गाडी तिसऱ्या फलाटावर, आणि आत एकटा मामा, खिडकीपाशी. कर्ण्यातून नव्या माणसाचा आवाज आला, "आळंदमार्गे गुलबर्ग्यास प्रयाण करणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर सिद्ध आहे." बाकड्यांवरचं कुणीही हललं नाही. कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला.

मामानं बाकड्यांकडं पाहिलं. उजवा हात कानामागं गेला.

"आळंद! गुलबर्गा! चलो गुलबर्गा! बर्री, हत्तरी!"

सगळी बाकडी उठली. बोचकी, पोरं, शेळीचं करडू, सगळं गाडीकडं धावलं. सगळ्यांत शेवटी एक म्हातारी पळत आली, अनवाणी. मामानं खिडकीतून हात देऊन तिचं गाठोडं आत ओढलं, आणि गाडी सुटली.

कर्णा अजून 'सिद्ध आहे, सिद्ध आहे' करत होता. प्रसाधनगृहाच्या दारात तिच्या वहाणा होत्या, जोडीनं नीट लावलेल्या. 'वहाणा घाला' म्हणणारं स्टँडवर आता कुणी नव्हतं.