मामींची कुंबिडुपूच्ची

माणसांपेक्षा किड्यांची चौकशी जास्त आपुलकीनं करणारी घरमालकीण अख्ख्या चेन्नईत एकच असेल, आणि आवडी नावाच्या उपनगरात असताना मी नेमका तिच्याच घरात, वरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. मूळच्या तंजावरच्या मराठी. नोकरी संपलेली, मुलगा परदेशात. सगळे त्यांना मामी म्हणत. त्यांचं मराठी इतकं जुन्या वळणाचं, की पुण्याहून नुकताच आलेला मी दर दोन वाक्यांनी "काय म्हणालात?" विचारायचो. मामींच्या कुंपणावर प्रार्थनाकीटक राहत. तमिळमध्ये त्याला कुंबिडुपूच्ची म्हणतात, म्हणजे हात जोडणारा किडा. सकाळची कॉफी घेऊन मामी त्यांच्यासमोर स्टूल टाकून बसत. किड्यानं मान वळवून पाहिलं की मामीही मान वळवून पाहत, आणि हे चालू असेतो दूधवाला फाटकाबाहेर ताटकळत राही. एकदा मादीनं नराला डोक्यापासून खायला घेतलं, तेव्हा त्यांनी मला मुद्दाम खाली बोलावलं. मामी म्हणाल्या, "पावम, भूक लागली असेल तीस." पावम म्हणजे बिचारी. नर त्यांच्या खिजगणतीतही नव्हता.

मग एका मादीनं माझ्या स्कूटरच्या आरशाच्या दांडीवर अंडी घातली. आधी साबणाच्या फेसासारखा गोळा, दुसऱ्या दिवशी वाळून चिंचोक्याच्या रंगाची पिशवी. मी किल्ली घेऊन उतरलो तर मामी स्कूटरला पाठ लावून उभ्या.

"गाडी कोठें नेतोस अप्पा? आंत लेकरें आहेत."

"मामी, मला ऑफिसला जायचंय."

"ट्रेन आहे की."

त्या दिवसापासून मी घामाघूम होऊन लोकलनं एग्मोरच्या ऑफिसला जाऊ लागलो. पिशवीवर उन्हं येऊ नयेत म्हणून मामींनी स्कूटरवर स्वतःची जुनी छत्री बांधली. गल्लीतले लोक मला स्कूटर विकायची आहे का विचारू लागले. अशात मामींच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली. ती पुढे ढकलायला त्या निघाल्या होत्या. त्यांच्या बहिणीनं दटावून नेलं. जाताना मामींनी मला बजावलं, "तूं बघ."

आणि नेमकी त्याच सकाळी पिशवी फुटली. शेवयांच्या तुकड्यांएवढी पिल्लं बारीक धाग्यांना लोंबकळत बाहेर आली, पाय सोडवले आणि आरशावर, हँडलवर, सीटवर पसरली. मी ऑफिसला दांडी मारली.

संध्याकाळी मामी घरी परतल्या, तेव्हा एका डोळ्यावर पट्टी होती. मी सगळं सांगितलं. त्या मधूनमधून विचारत होत्या: रंग कैसा? मुंग्या आल्या काय? मी दोनचार मुंग्या फुंकरीनं उडवल्या होत्या, तेही सांगितलं.

"तेथें त्यांची आई होती काय?"

"नाही, मामी. कोणीच नव्हतं."

"ती नसतेच," मामी म्हणाल्या. "पण तूं होतास, बरें झालें." मग उघडा डोळाही मिटून घेत म्हणाल्या, "आतां पहिल्यापासून सांग. हळू सांग."