गोट्याचा मार

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. तीस वर्षांच्या संसारात तिच्यापासून लपवलेलं हे एवढंच — आणि तुम्हाला काऊन सांगतोय, तेही मला नीट कळत नाही. कुठून सुरू करू? बोटीपासूनच करतो.

आरमोरीत माझं फायबरचं दुकान आहे. कूलरच्या बॉड्या, पाण्याच्या टाक्या, असली कामं. लोक युसुफभाई म्हणतात. हाताला सफाई आहे म्हणतात. आहेच — म्हणून तर जीभ जड होते. न येणाऱ्याच्या हातून चुकलं तर त्याला काय म्हणायचं? मला सगळं येत होतं.

वैनगंगेच्या काठी एक गाव आहे, नाव राहू द्या. तिथल्या धिवरांच्या मच्छीमार सोसायटीकडे एक फायबरची मोटारबोट होती. पावसाळ्यात पलीकडच्या गावांना तेवढाच आधार. मास्तर, नर्सबाई, बाजाराला येणाऱ्या बाया, सगळे त्याच बोटीतून. चालवायचा देवाजी. अंगानं काटक, बोलायला कमी. पाण्याच्या नुसत्या रंगावरून खाली वाळू आहे का खडक, ते सांगायचा. लोक पोरंबाळं बिनधास्त त्याच्या बोटीत बसवायचे.

एका जूनमध्ये सोसायटीनं बोट माझ्याकडे पाठवली. तळाला, मधोमध, हातभर लांब चीर होती. अशी चीर दोन्ही बाजूंनी घासायची असते. मग काचेच्या धाग्याची मॅट आणि राळ, एकावर एक थर, आणि प्रत्येक थर नीट वाळू द्यायचा. मॅट संपली होती. आणायची तर नागपूर गाठावं लागलं असतं — एक दिवस. फक्त एक दिवस! पण उकाडा होता, पुढ्यात कूलर पडले होते, आणि खरं सांगू? मला कंटाळा आला. मी चिरेत नुसती पुट्टी भरली, वरून घासली, निळा रंग मारला. बोट नव्यासारखी दिसत होती. देवाजी न्यायला आला तेव्हा तळावरून हात फिरवून म्हणाला, "वा भाऊ, चीर कुठी होती तेच समजत नाई."

ऑगस्टमध्ये ती भर नदीत फाटली.

नऊ माणसं होती. देवाजीनं सगळी काढली. नर्सबाईला तर केसाला धरून ओढलं. कोणी मेलं नाही — हे वाक्य मी स्वतःला किती वेळा ऐकवलं असेल! जसं काही त्यानं सगळं मिटतं.

आठ दिवसांनी सोसायटीची बैठक बसली. बोट काठावर पालथी ठेवली होती. मला मुद्दाम बोलावलं होतं, जाणकार म्हणून. देवाजी उभा होता. "माह्या हातानं कुठीच लागली नाई जी," तो म्हणत होता, "लागली असती तं मले आवाज नसता आला का?" कोणी तरी म्हणालं, बोट आपोआप फाटत असते काय? मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी वाकलो. फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. पुट्टी अर्धीअधिक तशीच चिकटून होती, रंगाखाली. मला ती दिसत होती. दुसऱ्या कोणाला काय समजणार?

मी म्हणालो, "गोट्याचा मार आहे."

तीन शब्द. देवाजीनं माझ्याशी वादही घातला नाही.

त्यानंतर त्याला कोणी नाव-डोंगा दिला नाही. पोरं त्याला 'बुडव्या' म्हणायला लागली, पुढे मोठेही. धिवराचा माणूस — त्यानं जाळं भावाला देऊन टाकलं आणि शेळ्या चारायला लागला. बोट सोसायटीच्या गोदामामागे पडली. बारा-तेरा वर्षं. आत पावसाचं पाणी साचायचं, बेडूक व्हायचे, कोंबड्या अंडी घालायच्या. पलीकडचे लोक लाकडी डोंग्यातून जीव मुठीत धरून यायचे-जायचे. मी त्या बाजूला जाणंच सोडलं.

गेल्या वर्षी वच्छलाबाई सोसायटीच्या अध्यक्ष झाल्या. दुकानात येऊन म्हणाल्या, "युसुफभाई, पावसाच्या आधी बोट उभी करून द्या." मी लगेच हो म्हटलं. तुम्हाला वाटेल, चूक सुधारायची म्हणून. नाही. दुसऱ्या कारागिरानं ती उघडली असती तर त्याला पुट्टी दिसली असती — म्हणून.

काम तिथंच, गोदामाच्या सावलीत सुरू केलं. पहिल्याच दिवशी दुपारी देवाजी आला. केस पांढरे, गुडघे वाकलेले. शेळ्या बांधून आला आणि न विचारता पॉलिश पेपर घेऊन बाहेरची बाजू घासायला बसला. पाणी मारून, हलक्या हातानं. म्हशीला धुतात तसं.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच गेलो. तो यायच्या आत. ग्राइंडर लावला आणि जुनी पुट्टी पापडासारखी सुटून आली. खाली चीर जशीच्या तशी. आजूबाजूला दगडाचा एक ओरखडा नाही. मी तिथं उकिडवा बसून बघत राहिलो. तेव्हाच देवाजीला हाक मारली असती तर? वच्छलाबाईंचं घर समोरच होतं, त्यांना बोलावलं असतं तर? मी ग्राइंडर पुन्हा चालू केला. सगळं घासून काढलं, भुकटी झाडली, वर पाणी ओतलं.

दुपारी तो आला. थोडा वेळ काम केलं, मग म्हणाला, "भाऊ, गोटा कुठी लागला होता? दाखवा ना मले."

मी बोट दाखवलं. हो — दाखवलं.

"इथी?"

"हो."

त्यानं त्या जागेवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाला, "तवा मले आवाज आलाच नवता. पन आता येते. डोळे मिटले का आयकू येते — खर्र करून. म्हंजे लागलाच असन. माहीच नजर चुकली असन."

मी राळ ढवळत होतो. ढवळतच राहिलो.

चार थर दिले त्या जागी. आयुष्यात इतकं चांगलं काम मी केलेलं नाही. मोटार गडचिरोलीच्या मिस्त्रीनं सुरू करून दिली. पाण्यात उतरवायच्या दिवशी गाव जमलं. नारळ फोडायचा मान मला दिला, आणि मी तो घेतला. वच्छलाबाई देवाजीला म्हणाल्या, "मामाजी, पयली फेरी तुमीच मारा." चुलत सासरा लागतो तो त्यांचा.

"नोको बाई," तो म्हणाला. "माह्या हातानं एकदा झालं. आता नोको."

त्या दोघांमध्ये मी उभा होतो, हातात नारळाची करवंटी घेऊन. दोन पावलांवर. सगळं गाव ऐकायला हजर होतं. मी खोबऱ्याचे तुकडे वाटायला लागलो. बोट दुसऱ्यानं नेली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. देवाजीनंही.

देवाजी आहे अजून. शेळी विकायला आरमोरीच्या बाजारात आला की माझ्या दुकानापुढे थांबतो. मी पाणी देतो, तो पितो. "बोट मस्त चालून राह्यली, भाऊ," म्हणतो, "तुमच्या हाताले तोड नाई."

परवाच येऊन गेला. मी हो म्हणालो.