पोवळ्यांच्या टाकीतलं शेवाळ

साहेबांनी मोरचुदाची पुडी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "चिमूटभर टाका. आमच्या सुपारीवर दर पावसाळ्यात मारतो. बुरशी, शेवाळ, काही शिल्लक राहत नाही."

"शेवाळ जाईल," मी म्हटलं. "पोवळीही जातील. शंख जातील, खेकडे जातील. मोरचूद म्हणजे तांबं. असल्या प्राण्यांना ते विष आहे."

"मग टाकीत राहील काय?"

"काच."

साहेब हसले, पण पुडी उचलली नाही.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीत मासळीवर संशोधन करणाऱ्या एका लहानशा केंद्रात मी केमिस्ट होते. खाडीच्या पाण्याचे नमुने तपासायचे, हे माझं खरं काम. पण लोकांना बघण्यासाठी आम्ही काही टाक्या ठेवल्या होत्या, आणि त्यांतली सगळ्यात लहान, दोनशे लिटरची टाकी माझ्या गळ्यात पडली होती. किनाऱ्यावरच्या खडकांत ओहोटीला डबकी उरतात. तिथून आणलेली पोवळी, समुद्रफुलं आणि शर्टाच्या बटणाएवढी तोंडं उघडणारे त्यांचे जातभाई या टाकीत होते. मासे मोजून सहा. माशांच्या टाक्यांपुढे शाळेची मुलं ओरडायची, या टाकीपुढे आली की गप्प व्हायची. मला तेवढं पुरे होतं.

पाऊस संपल्यावर काचेवर हिरवी लव दिसली. जानेवारीत ती बोकडाच्या दाढीएवढी लांब झाली. शेवाळ पोवळ्यावर चढलं की त्याला उजेड मिळत नाही, ते तोंड मिटून घेतं आणि हळूहळू मरतं. दोन मेलीच होती.

"मुंबईहून डायरेक्टर पंधरा दिवसांनी येतायत," साहेब म्हणाले. "तोवर ही टाकी स्वच्छ झाली तर ठीक. नाही तर रिकामी करा, गोड्या पाण्यातले गोल्डफिश सोडू. आणि हे वाचा."

त्यांनी पुढे केलेल्या कागदावर लिहिलं होतं: अटेंडंट प्रमाणाबाहेर खाद्य टाकतो, सबब टाकी खराब झाली आहे.

हा अटेंडंट म्हणजे गंगाराम. आधी मिरकरवाड्याला ट्रॉलरवर खलाशी होता. जाळं ओढायच्या विंचमध्ये उजव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हा समुद्र सुटला. आमच्याकडे तीन वर्षं टेंपररी होता आणि त्याला कायम करण्याची फाईल याच डायरेक्टरांच्या टेबलावर होती. या कागदानंतर ती फाईल पुढे सरकली नसती.

"हा कागद पंधरा दिवस ठेवा," मी म्हटलं.

"ठेवतो. पण दुसरं कारण मिळालं नाही, तर हा जाणार."

खरं सांगायचं तर मलाही गंगारामचाच संशय होता. टाकीत जास्त खाणं पडलं की उरलेलं कुजतं. त्यातून नायट्रेट तयार होतं. नायट्रेट म्हणजे आपण शेतात घालतो त्या खताचाच एक भाग. शेवाळाला आणखी काय हवं?

मी गंगारामला विचारलं, "रोज किती टाकतोस?"

"कोलंबीचे बारा तुकडे. माशाला दोन."

"कधी जास्त?"

"बाई, माझी आठच बोटं हायत, पन मोजता येतंय मला."

तरी मी सात दिवस खाणं बंद केलं. माशांना आठवडाभर उपास सोसतो. गंगारामला तो सोसेना. रोज सकाळी तो टाकीपुढे उभा राहून माशांना सांगायचा, "माझं काय चालत नाय रे. बाईंना विचारा."

ट्यूबलाईटची वेळ बारा तासांवरून सहावर आणली. दोघांनी दातांच्या ब्रशनं दगड घासले. शेवाळ चार दिवसांत परत आलं. खाणं नाही, उजेड अर्धा, तरी वाढतंय. म्हणजे खत दुसरीकडून येत होतं. आठ दिवस उरले.

तेव्हा मी आधीच करायला हवं होतं ते केलं. पाणी तपासलं. या परीक्षेत पाण्यात नायट्रेट असेल तर गुलाबी रंग येतो. जितकं जास्त, तितका गडद. टाकीचं पाणी चांगलंच गुलाबी झालं. मग मांडवीच्या जेटीवरून भरतीच्या वेळी आणतो ते समुद्राचं पाणी तपासलं. जवळजवळ बिनरंगी. समुद्र सुटला.

मी हातातली परीक्षानळी बघत बसले होते, तेवढ्यात गंगाराम दारात आला.

"बाई, एक सांगू? रागावू नका."

"सांग."

"टाकीचा डावा कोपरा बघा. थितं सगळ्यात जास्त हिरवं हाय. घासलं तरी पयलं थितंच येतंय."

"मग?"

"थितं नळी हाय."

नळीची गोष्ट अशी. मीठागरात पाणी उडून जातं आणि मीठ राहतं. टाकीतही तसंच. रोज दोन-तीन लिटर पाणी उडतं, खारटपणा वाढतो, म्हणून तेवढंच गोडं पाणी वरून घालावं लागतं. एकदम ओतलं तर पोवळ्यांना धक्का बसतो. म्हणून गंगारामनं वर एक बादली टांगून तिला सलाईनची नळी लावली होती. दिवसभर थेंब थेंब पाणी पडायचं. ते पाणी आमच्या आवारातल्या बावीचं, म्हणजे विहिरीचं.

आमची बाव म्हणजे केंद्राचं भूषण. पाणी इतकं गोड, की साहेब रोज एक कळशी घरी नेत. ते पाणी तपासावं असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. मी तपासलं. परीक्षानळीतला रंग कोकमाच्या आगळासारखा झाला. माझं काही चुकलं असेल म्हणून पुन्हा तपासलं. पुन्हा आगळ.

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. बावीभोवती अकरा माड. पाऊस संपताना साहेबांनी प्रत्येक माडाच्या आळ्यात सुक्या मासळीचं खत भरायला लावलं होतं. आठवडाभर ऑफिसात नाकाला रुमाल लावून काम केलं होतं आम्ही. खाली सगळा जांभा, चाळणीसारखा. वरचं सरळ खाली, खालचं सरळ बावीत. शिवाय टाकीतून पाणी तेवढं उडत होतं, नायट्रेट मागे राहत होतं. रोज नवा हप्ता.

दोन्ही नळ्या घेऊन मी साहेबांकडे गेले.

"हे समुद्राचं. हे आपल्या बावीचं."

"काहीतरीच काय? पंचवीस वर्षं सगळे हेच पाणी पितायत."

"मासळीचं खत पंचवीस वर्षं नव्हतं. सुनबाईंचं बाळ किती महिन्यांचं आहे?"

"चार. का?"

"त्याच्या दुधात हे पाणी घालू नका. मोठ्यांना फारसं काही होत नाही. तान्ह्या बाळाला बाधतं."

साहेबांनी फोन उचलला आणि घरी लावला. कळशीचं पाणी झाडांना घाला, एवढंच बोलले आणि ठेवला.

"म्हणजे चूक माझी."

"अर्धी."

"उरलेली गंगारामची ना?"

"माझी. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग असतं, म्हणून बावीचंच पाणी घालावं, अशी चिठ्ठी मीच टाकीवर चिकटवली आहे. बाव तपासली नव्हती. गंगारामनं चिठ्ठीप्रमाणे काम केलं."

पुढचं सोपं होतं, फक्त मेहनतीचं. नळाचं पाणी तपासलं, ते बरं निघालं. त्यातलं क्लोरीन घालवायला फोटो स्टुडिओवाले वापरतात तो हायपो चिमूटभर टाकला. मांडवीहून दोन पिंपं समुद्राचं पाणी आणून टाकीतलं निम्म्याहून जास्त बदललं. गंगारामनं खडकांवरून शेवाळ खाणारे पन्नासेक लहान शंख वेचून आणले आणि टाकीत सोडताना त्यांना म्हणाला, "जेवायला बसा." तीन दिवस टाकीवर काळं कापड टाकलं. चौथ्या दिवशी काढलं तेव्हा दाढी पिवळी पडली होती. हात लावला की ओल्या कापसासारखी सुटून यायची. सातव्या दिवशी बटणाएवढी तोंडं एकेक करून उघडली. सगळी नाही, पण बरीच.

राहिला कागद. साहेबांनी जुना फाडला आणि नवा लिहायला घेतला.

"नैसर्गिक कारणांमुळे शेवाळ झालं होतं, असं लिहितो. कुणाचंच नाव नको."

"मग डायरेक्टर विचारतील, टाकी कोण बघतं? आणि उत्तर येईल, गंगाराम. केमिस्टच्या चुकीच्या सूचनेमुळे, असं लिहा."

"तुमच्या सीआरमध्ये, गोपनीय अहवालात जाईल ते."

"जाऊ दे. माझी नोकरी कायम आहे. त्याची नाही."

खताचं काय करायचं, हे त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, तेही लिहा. त्यांनी लिहिलं, पण फार बारीक अक्षरात.

डायरेक्टर आले. टाकीपुढे दीड मिनिट उभे राहिले, "छान" म्हणाले. मग शहाळं प्यायले, "फारच गोड" म्हणाले आणि तीनदा विचारलं, माडांना कसलं खत घालता? साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

पाडव्याच्या आधी गंगारामची ऑर्डर आली. त्यानं सगळ्यांना पेढे वाटले. नळाच्या पाण्याच्या चहाला चव नाही अशी कुरकूर तोवर ऑफिसात सुरू झालीच होती. पेढ्यांवर ती दोन दिवस थांबली.

माझ्या सीआरमध्ये त्या वर्षी एक शेरा आला: सूचना देण्यापूर्वी खातरजमा करावी. सबंध नोकरीत मला बरेच शेरे मिळाले, त्यांतल्या बहुतेकांशी माझं भांडण होतं. हा एक मात्र मी पुढे हाताखाली आलेल्या प्रत्येक केमिस्टला पहिल्याच दिवशी वाचून दाखवत असे.